परस्पर अपवर्जी आणि पूरक घटना : या चुका टाळा

संभाव्यतेच्या वह्या तपासताना एक वाक्य मला हमखास भेटतं : “किंवा आलं की बेरीज, आणि आलं की गुणाकार.” कुणीतरी घाईत दिलेला हा मंत्र मुलं मनापासून पाठ करतात आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. बेरीज चालते ती घटना परस्पर अपवर्जी असतील तरच. म्हणजे एक घडली तर दुसरी त्याच वेळी घडूच शकत नाही, दोघींत एकही सामाईक निष्पत्ती (शक्य निकाल) नाही. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि नेमका तोच वाचवायची घाई असते.

एका हुशार मुलाचं उदाहरण सांगतो. प्रश्न होता : दोन फासे टाकले, तर किमान एकावर सहा येण्याची संभाव्यता किती? त्याने लिहिलं १/६ + १/६ = १/३. चुकलं म्हटल्यावर तो अडून बसला. “सर, एक घटना पहिल्या फाशावरची, दुसरी दुसऱ्यावरची. त्या एकमेकींत येतीलच कशा?” फासे वेगळे म्हणजे घटना अपवर्जी, अशी त्याची पक्की समजूत होती. मी त्याला सहा बाय सहाचा तक्ता काढायला लावला. पहिल्या फाशावर सहा असलेल्या चौकटींवर आडवी रेघ, दुसऱ्यावर सहा असलेल्यांवर उभी रेघ. सगळ्या रेघा मारून झाल्या आणि त्याचं पेन (६, ६) वर थांबलं. त्या एका चौकटीत फुली झाली होती. मग मोजल्या : ६ + ६ − १, म्हणजे ११ चौकटी. उत्तर ११/३६.

मी त्याला पुढे विचारलं, तुझ्या पद्धतीने सहा फाशांचं उत्तर काय? ६/६, म्हणजे १. सहा फासे टाकले की सहा येणारच! आणि सात फाशांना ७/६. तेव्हा कुठे त्याने स्वतःहून ती ओळ खोडली. उत्तर १ च्या पुढे गेलं की आपण काहीतरी दोनदा मोजलंय, ही खूण कायम लक्षात ठेवा. पण १ च्या आत राहिलं म्हणजे बरोबर आलं, असंही धरू नका. पत्त्यांत ‘राजा किंवा बदाम’ला १७/५२ लिहिणाऱ्यांना शंकासुद्धा येत नाही. बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेलाय. खरं उत्तर १६/५२.

‘किमान एक’ दिसलं की मी बेरजेकडे वळतच नाही, थेट पूरक घटना, म्हणजे ‘ती घटना घडली नाही’ ही घटना, घेतो : एकही नाही. तिची संभाव्यता १ मधून वजा केली की झालं. १६५४ साली पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न आहे. एक फासा ४ वेळा टाकायचा, एकदा तरी सहा आला पाहिजे. एकूण निष्पत्ती १२९६, एकही सहा नसलेल्या ५ × ५ × ५ × ५ = ६२५, उरल्या ६७१. म्हणजे पारडं थोडं जिंकण्याकडे झुकलेलं. बेरीज करणाऱ्याला मात्र ४/६ मिळतं आणि तो उगाच निर्धास्त होतो.

पूरक घटनेतली माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे तिला विरुद्धार्थी शब्द समजणं. तीन नाणी टाकली. ‘तिन्ही छापे’ची पूरक घटना विचारली की वर्गातून एका सुरात ‘तिन्ही काटे’ ऐकू येतं. दोन्हींची संभाव्यता १/८. बेरीज १/४. मग उरलेले ३/४ कुठे गेले? या दोन घटना अपवर्जी आहेत, पण पूरक नाहीत. दोन छापे-एक काटा, एक छापा-दोन काटे, सगळं मध्ये राहून गेलं. पूरक म्हणजे नमुना अवकाशातलं (सगळ्या शक्य निष्पत्तींच्या संचातलं) उरलेलं सगळं : किमान एक काटा, ७/८. मी वाक्याच्या शेवटी ‘असं झालं नाही’ जोडून पाहतो. “तिन्ही छापे आले, असं झालं नाही.” विरुद्धार्थी शब्द शोधायचा मोह तिथेच संपतो.

याच्या उलट चूकही होते : बेरीज १ आली की पूरक म्हणून मोकळं व्हायचं. एका फाशावर ‘१, २ किंवा ३’ आणि ‘२, ४ किंवा ६’ या घटना घ्या. १/२ + १/२ = १. पण २ दोन्हींत आहे आणि ५ कुठेच नाही.

अपवर्जी आणि स्वतंत्र हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. स्वतंत्र म्हणजे एक घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नाही. दोन्ही घटना शक्य असतील आणि अपवर्जी असतील, तर त्या स्वतंत्र असूच शकत नाहीत. एक घडली की दुसरीची संभाव्यता थेट शून्य होते.

तीन घटना असतील तर प्रत्येक जोडी तपासा. पहिली-दुसरी आणि दुसरी-तिसरी बघून पहिली-तिसरी सोडून देणारे फार आहेत.