ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेताय? आपल्या उन्हाळ्यात या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त वेगाने चालवणे. त्यासाठी यूट्यूबवरचा रिव्ह्यू पाहून मदरबोर्ड घ्यायचा अशी सवय झाली आहे सगळ्यांना, अन् पहिली गडबड तिथेच होते. रिव्ह्यू करणाऱ्याची खोली एसीची, २२-२५ डिग्रीची. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे बाहेर ४५ असते, कुलर लावूनही खोली ३५ च्या आसपास, अन् वर टिनाचं छत असलं तं विचारूच नका. खोली जितकी डिग्री गरम, जवळपास तितकंच बोर्डच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला करंट पुरवणारा भाग) टेंपरेचर वर चढते. व्हिडिओत ८५ दिसलं तं आपल्याकडे ९५ च्या वरच धरा.

व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बाजूला हीटसिंकखाली (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) झाकलेला भाग, पॉवर सप्लायकडून आलेल्या १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे एक-सव्वा व्होल्ट करणारा. ओव्हरक्लॉक केलं की करंट वाढतो अन् सगळा भार याच्यावर येतो. तरी दुकानात पोरं आधी आरजीबी लाईट पाहतात, नाहीतर बॉक्सवर फेज (व्हीआरएममधले करंट वाटून घेणारे भाग) किती लिहिल्या तेवढंच. नुसत्या फेजच्या आकड्यावर जाऊ नका भाऊ, एकेक पॉवर स्टेज (फेजमधली करंट देणारी चिप) किती अँपिअरचा आहे अन् हीटसिंक खरंच जाड, खाचा असलेला आहे की वरून नुसतं प्लास्टिकचं झाकण आहे, हे पाहा.

चिपसेटची (बोर्डवरची मुख्य चिप, बोर्डचं नाव तिच्यावरूनच असते) चूक तं अजूनही रोज दिसते. इंटेलचा के वाला (ओव्हरक्लॉक होणारा) प्रोसेसर महाग पैसे देऊन घ्यायचा अन् खाली एच ६१० किंवा बी ७६० बोर्ड लावायचा. पीसी चालतो मस्त, पण मल्टिप्लायर (प्रोसेसरचा स्पीड ठरवणारं सेटिंग) वाढत नाही, त्यासाठी झेड सिरीजच लागते (बी ७६० वर रॅमचा स्पीड तेवढा वाढवता येतो). एएमडीमधे बी ६५० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, ए ६२० वर नाही. बजेट कमी असेल तं माझं मत सरळ आहे, एएमडीचा चांगला बी बोर्ड घ्या, सगळ्यात स्वस्त झेड बोर्डच्या मागे लागू नका.

आता लय जणांना सापडत नाही असा प्रॉब्लेम. गेम पंधरा-वीस मिनिटं झकास चालतो, मग फ्रेम एकदम खाली, प्रोसेसरचं टेंपरेचर पाहावं तं ७०, म्हणजे सगळं ठीक वाटते. अशा वेळी एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून व्हीआरएमचं रीडिंग पाहा, ते १०० पार करत असेल अन् त्याच वेळी क्लॉक (प्रोसेसरचा स्पीड) पडत असेल तं दोषी तोच. सगळ्या बोर्डवर हा सेन्सर नसतो, म्हणून घेतानाच विचारून घ्या. लिक्विड कूलर लावलेल्या पीसीत हे जास्त होते, कारण प्रोसेसरवरच बसणाऱ्या टॉवर कूलरच्या पंख्याची हवा बाजूच्या हीटसिंकवरही जाते अन् लिक्विडमधे पंखे जाऊन बसतात रेडिएटरवर, मग सॉकेटजवळ हवाच हलत नाही. तिथे एक लहान पंखा बांधला तरी बराच फरक पडतो. अन् टेस्ट करायची तं भर दुपारी करा, रात्री अकराला पास झालेलं सेटिंग दुपारी तीनला टिकेलच असं नाही.

खोलीतल्या कुलरच्या थेट झोतात मात्र कॅबिनेट ठेवू नका. हवा गार असते खरी, पण तिच्यात ओल असते, कधी बारीक थेंबही उडतात, अन् गावातली धूळ न जिनिंगजवळ घर असेल तं कापसाचे तंतू त्या ओलीने हीटसिंकवर थापून बसतात.

लाईटचं पण पाहावंच लागते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतो, पीसी रिस्टार्ट होतो अन् आपण बोर्डला शिव्या देतो. आधी बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) डिफॉल्टवर आणा, मग त्याच टायमाला पाहा. तरी रिस्टार्ट होत असेल तं ओव्हरक्लॉकचा संबंध नाही, वायरिंग, अर्थिंग, यूपीएस, पॉवर सप्लाय तपासा. बायोस अपडेट यूपीएसशिवाय करायचंच नाही. ते टाळताही येत नाही, इंटेलच्या १३ व्या-१४ व्या जनरेशनमधे जास्त व्होल्टेजने प्रोसेसर खराब व्हायचा जो प्रकार झाला त्याचा इलाज २०२४ मधे बायोस अपडेटनेच आला. म्हणून मी म्हणतो, मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटन असलेलाच बोर्ड घ्या. अपडेट चालू असताना लाईट गेली तरी पेन ड्राइव्हवरून घरीच बायोस परत टाकता येतो, नाहीतर बोर्ड घेऊन नागपूरला चक्कर ठरलेली.

अन् बोर्ड कुरिअरने आला तं खोक्यापासून सॉकेटपर्यंत व्हिडिओ काढत उघडा, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून पिना पाहा. एक जरी वाकलेली दिसली तं प्रोसेसर न बसवता तसाच परत करा, कारण एकदा बसवला की वाकवली कोणी हे सिद्ध करता येत नाही. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, वॉरंटीत देताना तेच मागतात.