शोधकर्ती स्वमग्न आहे? मग या चुका टाळा

रक्तपात पानाबाहेर, गुन्हा ओळखीच्या गल्लीत आणि तो उलगडणारी व्यक्ती पोलिसांतली नाही. कोझी मिस्टरी या रहस्यकथेच्या प्रकाराचा हा साचा पुण्याच्या पेठांना अगदी अंगाबरोबर बसतो. कोण कुणाकडे कधी आलं-गेलं, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतंच. आता मराठीतही स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं जड जाण्याची अवस्था) असलेली नायिका घेऊन लिहावंसं वाटणारे भेटतात, याचा मला फार आनंद आहे. पण कच्चे खर्डे वाचताना काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिच्या मेंदूला जादूचं यंत्र करून टाकणं. एक नजर टाकली की सगळं पाठ! अशी असामान्य स्मरणशक्ती थोड्याच स्वमग्न माणसांत असते. शिवाय वाचकावरही अन्याय होतो, कारण नायिकेने पाहिलेलं त्याला पाहायलाच मिळत नाही.

समजा, सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत आरती चालू असताना गणपतीपुढची चांदीची वाटी नाहीशी झाली. मृण्मयीला झांजांचा आवाज सहन होत नाही, म्हणून ती आत न जाता जिन्यात थांबते. समोर चपलांचा पसारा. तो बघवत नाही, म्हणून ती जोड लावते: १४. मग गच्चीवर जाते. मंत्रपुष्पांजली चालू असताना खाली येते, तर १३. म्हणजे कुणीतरी मधूनच निघून गेलं. इथे सुगावा तिच्या रोजच्या जगण्यातून आला, आणि चपला तुम्ही आधीच्या प्रकरणात मांडल्यात तर वाचकही त्या मोजू शकतो. खर्डा अडला की मी हेच विचारते: ती त्या क्षणी तिथे का होती? उत्तर तिच्या स्वभावात सापडलं, तर गाडी पुढे जाते.

दुसरी चूक खास मराठी आहे. कुणी म्हणतं, ‘त्याने तिचे कान भरले’, आणि नायिका विचारते, ‘कशाने?’ एकदा ठीक, पण दर पानावर हसू आणायला हे नको. माझी भाची स्वमग्न आहे. म्हणी-वाक्प्रचारांची तिची स्वतःची वही आहे आणि शब्दांचे खेळ तिला माझ्यापेक्षा जास्त आवडतात. असा एक खर्डा वाचून ती म्हणाली, ‘मावशी, हिला कुणी मैत्रीणच का नाही?’ मलाही ते खटकायला हवं होतं.

किंमत न दाखवणं हीसुद्धा चूकच. दिवसभर लोकांशी ‘नीट’ वागून ती घरी येते तेव्हा बोलायचं त्राण उरत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते. ती त्यात आरोपीचा पाठलाग करत असेल, तर दुसऱ्या दिवशी लगेच ताजीतवानी दिसता कामा नये.

नावांची चूक पटकन सुधारता येते. २०१३ मध्ये डीएसएम-५ने, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकाने, ऍस्पर्गर हे वेगळं निदान काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे स्वमग्नतेच्या एकाच व्यापक निदानात, घेतलं. जुनं निदान असलेली व्यक्ती तो शब्द वापरेल, पण आजच्या कथेतल्या डॉक्टरने त्या पुस्तकाच्या आधारे तो नव्याने द्यायला नको. आणि शेवटी तिला ‘बरी’ करू नका. गुन्हेगाराच्या विक्षिप्तपणालाही आजाराचं नाव चिकटवू नका.

राहिला उलगडा. सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून भाषण करणं तिला झेपणार आहे का, हे आधी बघा. झेपत नसेल तर प्रसंग बदला. मृण्मयी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात बसू दे. काकू कूट करायला भाजलेले दाणे सोलताहेत. मृण्मयी त्यातलेच दाणे ओट्यावर एकेक करून मांडते, जिन्यातल्या चपलांच्या ओळीसारखे, आणि एका दाण्याची जागा मोकळी सोडते. काकू त्या मोकळ्या जागेकडे बघतात आणि गॅस बंद करतात.