विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलली : ही बातमी पैशाच्या अंगाने कशी वाचावी

४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन विद्यापीठे बिग टेन या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या क्रीडा-गटात), तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा ही तीन विद्यापीठे बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार हे नक्की झाले. १९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये रात्रीपर्यंत चारच सदस्य उरले. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी अमेरिकेचा नकाशा आणि त्यावर बाण काढलेले दिसले. अशी बातमी समजून घेताना नकाशाचा उपयोग सर्वांत कमी होतो. कोणाचे प्रक्षेपण हक्क कोणाकडे आहेत, ते कधीपर्यंत आहेत आणि त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशातला किती वाटा प्रत्यक्ष विद्यापीठाच्या हाती पडतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणते विद्यापीठ का गेले, हे कळत नाही. अमेरिकेतील कॉलेज क्रीडा दुरून पाहणाऱ्या वाचकालाही या प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधता यावीत, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे

१९८४ पर्यंत कोणत्या संघाचा अमेरिकन फुटबॉलचा (पुढे नुसते ‘फुटबॉल’) सामना दूरचित्रवाणीवर किती वेळा दाखवायचा, हे एनसीएए ही कॉलेज क्रीडांची राष्ट्रीय संघटना ठरवत असे. त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या रीजंट्स (नियामक) मंडळाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना स्पर्धाविरोधी ठरवली. हक्क विद्यापीठांकडे परत आले, आणि एकेकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकल्यास भाव चांगला मिळतो हे लक्षात आल्यावर ते कॉन्फरन्सच्या हाती गेले. मुळात शेजारच्या विद्यापीठांनी सामन्यांचे वेळापत्रक आखण्यासाठी उभ्या केलेल्या या संघटना त्यानंतर हक्क विकणाऱ्या संस्था बनत गेल्या. पुढच्या चाळीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक स्थलांतराचे मूळ या निकालात आहे, असे माझे मत आहे.

म्हणून बातमी हाती येताच पहिला शोध ‘ग्रँट ऑफ राइट्स’ या कराराचा घ्यावा. या करारान्वये विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरील सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देते. ते विद्यापीठ मुदतीआधी बाहेर पडले तरी हक्क मागेच राहतात, त्यामुळे नव्या कॉन्फरन्सकडे ते जवळपास रिकाम्या हाताने पोहोचते. याच्या जोडीला बाहेर पडण्याचे शुल्क असते. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (एसईसी) जाण्याचा निर्णय जुलै २०२१ मध्ये जाहीर केला होता. बिग ट्वेल्व्हमधून मुदतीच्या एक वर्ष आधी, म्हणजे २०२४ मध्ये निघता यावे, यासाठी दोघांना मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले. मेरीलँडने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) सोडून बिग टेन गाठली तेव्हा त्याच्याकडे ५ कोटी २० लाख डॉलर मागितले गेले होते, आणि २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली. मागितलेली रक्कम आणि शेवटी दिलेली रक्कम यांत असे अंतर पडते, त्यामुळे मथळ्यातील शुल्काचा आकडा अंतिम मानू नये.

या कराराचे बळ किती असते, हे एसीसीकडे पाहून कळते. तिचा ईएसपीएन या क्रीडा वाहिनीबरोबरचा करार २०३६ पर्यंत आहे आणि सदस्यांचे हक्कही तोपर्यंत बांधलेले होते. फ्लोरिडा स्टेट डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसन मार्च २०२४ मध्ये न्यायालयात गेले ते याच बंधनाविरुद्ध. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि शुल्काची उतरती पायरी ठरली : २०२५-२६ साठी १६.५ कोटी डॉलर, त्यानंतर दरवर्षी १.८ कोटींनी कमी, असे होत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटी. शुल्क भरणारा सदस्य आपले हक्क सोबत नेऊ शकतो. आता याच्या शेजारी इतर करारांच्या मुदती मांडाव्यात. बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामानंतर संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ नंतर. शुल्क सर्वांत खाली येण्याचा काळ आणि मोठ्या कॉन्फरन्सेस नव्या वाटाघाटींना बसण्याचा काळ एकच आहे. पुढची मोठी हालचाल कधी होईल, याचा अंदाज बांधायला एवढ्या तारखा पुरतात, आणि त्यासाठी कोणत्याही ‘सूत्रांची’ गरज पडत नाही.

मथळ्यातील आकड्याला भागून पाहावे

दुसरे काम अंकगणिताचे आहे. ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग ट्वेल्व्हने ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी सहा वर्षांसाठी २.२८ अब्ज डॉलरचा करार केल्याची बातमी आली. याला सहाने भागल्यास वर्षाला ३८ कोटी येतात, आणि टेक्सास व ओक्लाहोमा गेल्यावर उरणाऱ्या बारा सदस्यांनी भागल्यास प्रत्येकी सुमारे ३ कोटी १७ लाख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्जांहून अधिक रकमेचा करार केला होता. तो सातने भागला की वर्षाला निदान १०० कोटी, आणि तेव्हा ठरलेल्या सोळा सदस्यांत वाटला की प्रत्येकी सव्वासहा कोटींच्या आसपास. ही सरासरी आहे, कारण अशा करारांत रक्कम सहसा वर्षागणिक चढत जाते. पण एका कॉन्फरन्समधील सदस्याला दुसरीतील सदस्याच्या जवळजवळ दुप्पट मिळणार, हे यावरून स्पष्ट होते. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजी बिग टेनची वाट धरली ती या करारावर सह्या होण्यापूर्वी, आणि लॉस एंजेलिससारखी बाजारपेठ गटात आल्यामुळे कराराचे मोल आणखी वाढले. आगमनाची तारीख आणि कराराची तारीख नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

नवा सदस्य पूर्ण वाटा घेऊन येतो, असे मात्र गृहीत धरू नये. बहुतेक वाचकांची गफलत इथेच होते. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांना बिग टेनमध्ये सुरुवातीला सुमारे ३ कोटी डॉलर आणि पुढे दरवर्षी १० लाखांची वाढ, एवढेच कबूल झाल्याचे वृत्त होते. जुन्या सदस्यांच्या तुलनेत हा निम्मा वाटा होय. सप्टेंबर २०२३ मध्ये एसीसीने स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली यांना घेतले तेही पहिली काही वर्षे सुमारे ३० टक्के वाट्यावर. त्यांच्याबरोबर आलेल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने (एसएमयू) तर नऊ वर्षे दूरचित्रवाणीचा पैसाच घेणार नाही असे मान्य केले, आणि तो खड्डा भरण्यासाठी त्याच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी व देणगीदारांनी काही दिवसांत १० कोटी डॉलर उभे केले.

जुने सदस्य अशा पाहुण्यांना का घेतात, याचे उत्तर कराराच्या एका कलमात असते. सदस्य वाढला की वाहिनीने त्याच्यासाठी जुन्या सदस्याइतकीच रक्कम मोजावी, अशी तरतूद काही करारांत असते. वाहिनी पूर्ण पैसे देते, नवागताला थोडे मिळतात आणि उरलेली रक्कम जुन्या सदस्यांत किंवा मैदानावरील यशाच्या बक्षिसांसाठी वाटली जाते. एसीसीच्या विस्तारात हेच घडले. त्यामुळे ‘या विद्यापीठाने कॉन्फरन्सला काय दिले’ असा प्रश्न पडला, तर त्याच्या न घेतलेल्या वाट्याकडे बोट दाखवता येते.

किंमत कशाला मिळते, हेही काळानुसार बदलले आहे. २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड बिग टेनमध्ये आले तेव्हा त्यांच्या संघांच्या ताकदीपेक्षा न्यू यॉर्क आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. यांच्या परिसरातील केबलधारक घरे मोलाची होती. बिग टेन नेटवर्क एखाद्या भागातील मूळ केबल संचात समाविष्ट झाले, की सामना पाहणाऱ्या आणि न पाहणाऱ्या अशा प्रत्येक घरामागे दरमहा पैसे मिळत. लोक केबल सोडू लागले तसा हा हिशेब ढासळला. आता सामना प्रत्यक्ष किती लोक पाहतात याला भाव आहे, आणि तो नावाजलेल्या फुटबॉल संघांकडेच जातो. २०१४ सालच्या तर्काने २०२३ सालची बातमी वाचली, तर चूक अटळ आहे.

खर्चाची बाजू तितक्याच बारकाईने तपासावी

२०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत हा सगळा पैसा प्रशिक्षक, स्टेडियम आणि प्रशासन यांच्याकडे जात होता. खेळाडूच्या वाट्याला शिष्यवृत्ती येई. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादेबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरून कमाई करण्याची मुभा मिळाली. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिल्यावर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. शिवाय पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई द्यायची आहे, आणि तिचा मोठा भाग एनसीएए विद्यापीठांना करत असलेल्या वाटपात कपात करून उभा केला जात आहे. खेळाडूंना हा हक्क फार उशिरा मिळाला, असे मला मनापासून वाटते. मात्र पैसा कोणत्या खेळातील खेळाडूंना जातो हे पाहिले पाहिजे, कारण अनेक ठिकाणी त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या फुटबॉलकडे वळला आहे.

हे दोन कोटी वर काढलेल्या भागाकाराशी ताडून पाहावेत. सव्वासहा कोटी मिळवणाऱ्याला ते जड असले तरी पेलतात. ३ कोटी १७ लाख मिळवणाऱ्याचा दूरचित्रवाणीचा जवळजवळ दोन तृतीयांश पैसा त्यात जातो. २०२५ नंतर स्थलांतराची ओढ का वाढू शकते, ते या वजाबाकीत दिसते.

पडताळणीसाठी दोन कागद कोणालाही मिळतात. कॉन्फरन्स ही नफ्यासाठी नसलेली संस्था असल्यामुळे ती कर विभागाकडे ‘फॉर्म ९९०’ भरते, आणि तो सार्वजनिक असतो. कोणत्या विद्यापीठाला किती रक्कम दिली ते त्यात सापडते. मात्र आर्थिक वर्ष जूनमध्ये संपते आणि हा फॉर्म पुढच्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुमारास बाहेर येतो, म्हणून आकडा जवळपास वर्षभर जुना असतो. दुसरा कागद म्हणजे प्रत्येक विद्यापीठाने शिक्षण विभागाला दिलेला क्रीडा उत्पन्न-खर्चाचा तक्ता, जो विभागाच्या संकेतस्थळावर उघडता येतो. त्यात एखाद्या विद्यापीठाचे उत्पन्न आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत सारखे दिसले, तर ते उत्तम व्यवस्थापनाचे लक्षण समजू नये. बहुधा तूट विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून किंवा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढलेली असते आणि ती भर उत्पन्नात मोजलेली असते.

मागे राहिलेले आणि प्रवास करणारे

बातमीत ज्यांचे नाव शेवटच्या परिच्छेदात येते, त्यांच्याकडे मुद्दाम वळावे. पॅक-ट्वेल्व्हमध्ये अखेर ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली. त्यांनी न्यायालयात जाऊन २०२३ च्या अखेरीस कॉन्फरन्सच्या कारभाराचा आणि मालमत्तेचा ताबा मिळवला, आणि २०२६ पासून बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि गोंझागा यांना सोबत घेण्याचे ठरवले. त्यांतील पाच जण माउंटन वेस्टमधून आले, म्हणजे मोठ्यांनी केलेली ओढाताण एक पायरी खाली सरकली. बर्कलीचे प्रकरण याहून वेगळे आहे : यूसीएलए आणि बर्कली एकाच राज्य विद्यापीठाचे भाग असल्यामुळे, यूसीएलएने आपल्या जाण्याने बर्कलीचे झालेले नुकसान भरून काढण्यासाठी वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असे त्या राज्य विद्यापीठाच्या रीजंट्स मंडळाने २०२४ मध्ये ठरवले.

शेवटी एखाद्या संघाचे वेळापत्रक उघडावे, आणि ते फुटबॉलचे नसावे. फुटबॉलचा संघ हंगामात मोजक्या वेळा, शनिवारच्या सामन्यासाठी खास विमानाने जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल किंवा सॉकरचा संघ आठवड्याच्या मधल्या दिवशीही खेळतो. स्टॅनफर्डचा एखादा संघ आता अटलांटिक किनाऱ्यावरील प्रतिस्पर्ध्यांच्या गटात आहे. यूसीएलए आणि रटगर्स यांच्यात सुमारे ४,००० किलोमीटरचे अंतर आणि तीन तासांचा वेळेचा फरक आहे. घरापासून दूर असलेल्या तारखांवर खूण करावी, त्यांतील कॉलेजचे दिवस मोजावेत, आणि हाच संघ जुन्या कॉन्फरन्समध्ये शेवटचा खेळला त्या वर्षीचे वेळापत्रक संकेतस्थळाच्या जुन्या पानांतून काढून शेजारी ठेवावे. त्यानंतर त्याच विद्यापीठाच्या उत्पन्न-खर्चाच्या तक्त्यात त्या खेळाची ओळ शोधावी आणि तिच्यावरचा खर्च या दोन वर्षांत किती वाढला, ते पाहावे.