फोटो संपादनासाठी मॉनिटरचे कॅलिब्रेशन: आधी खोली, मग यंत्र

पडद्यावर उजळ आणि भरदार दिसलेला लग्नाचा फोटो अल्बममध्ये काळवंडून आला, की दोष बहुतेक वेळा छपाई करणाऱ्या लॅबला दिला जातो. परंतु खरे कारण अनेकदा आपल्याच टेबलावर असते. नवा मॉनिटर दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेताने फार तेजस्वी, आणि पुष्कळदा थोडा निळसर, ठेवलेला असतो. अशा पडद्यावर काम करणारा माणूस फोटो गरजेपेक्षा गडद करतो, कारण तिथे तो तसाच बरा दिसतो, आणि मग कागदावर, जिथे मागून प्रकाश येत नाही, तो गडदपणा उघडा पडतो.

यावर उपाय म्हणजे कॅलिब्रेशन, म्हणजेच पडद्याचे तेज आणि रंग ठरावीक मापावर आणणे. पण त्यासाठी कलरिमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारे यंत्र, विकत घेण्याआधी खोलीकडे पाहावे. गोव्यातील घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या किंवा गेरूच्या रंगाच्या असतात, जुन्या घरांत जमीन तांबड्या सिमेंटची असते, आणि दुपारचे ऊन या पृष्ठभागांवर पडले की खोलीभर त्यांचाच रंग पसरतो. पिवळ्या भिंतीसमोर तासभर बसलेल्या माणसाचे डोळे त्या पिवळेपणाला सरावतात, तटस्थ करडा रंग त्याला निळसर वाटू लागतो, आणि तो नकळत फोटोत पिवळा वाढवत जातो. मॉनिटर कितीही अचूक असला तरी ही चूक टळत नाही, म्हणून माझ्या मते कॅलिब्रेशनचे अर्धे काम खोलीतच असते. त्यासाठी घर रंगवून घेण्याची गरज नाही. मॉनिटरच्या मागे करड्या कापडाचा साधा पडदा सोडावा, खिडकी समोर किंवा पाठीमागे न येता बाजूला येईल असे टेबल लावावे, आणि संगणकाच्या डेस्कटॉपवरील रंगीत चित्र काढून तिथे मध्यम करडा रंग ठेवावा. पावसाळ्यात ढग येतात, फुटतात, पुन्हा दाटतात, आणि खोलीतील उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. त्यामुळे खिडकीचा जाड पडदा ओढून मंद, स्थिर कृत्रिम प्रकाशात काम करणे अधिक भरवशाचे ठरते. दिवा ५००० ते ६५०० केल्विनचा (हे प्रकाशाच्या पिवळसर-निळसर छटेचे माप) आणि ९० च्या वर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेला निवडावा, आणि त्याचा प्रकाश थेट मॉनिटरवर पडू देऊ नये. चकचकीत पडद्यासमोर भडक रंगाचा शर्ट घालून बसणेही टाळावे, मग शिगमा असो वा नसो.

आता मॉनिटर. तो सुरू करून किमान अर्धा तास तापू द्यावा, आणि पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावा. मॉनिटरच्या मेन्यूतून सर्व सेटिंग कारखान्यातील मूळ स्थितीवर आणून नंतर ‘यूजर’ किंवा ‘कस्टम’ हा रंगप्रकार निवडावा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, डोळ्यांना आराम देणारा निळा प्रकाश कमी करणारा मोड आणि खोलीच्या उजेडानुसार आपोआप तेज बदलणारी सोय या सगळ्या गोष्टी बंद कराव्यात. विंडोजमधील नाइट लाइट आणि एचडीआर, तसेच मॅकवरील ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट हेही बंद हवेत. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडूनच काम करावे, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप पडद्याचे तेज परस्पर उतरवतात. एचडीएमआय केबल वापरत असल्यास ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी ‘फुल रेंज’ आहे याची खात्री करावी. ‘लिमिटेड’ राहिल्यास काळा रंग राखाडी दिसतो, आणि तो दोष कलरिमीटरने दूर होत नाही.

यानंतर लक्ष्य ठरवावे. व्हाइट पॉइंट (पडद्यावरील पांढऱ्याची छटा) डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, आणि गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) २.२ ही बहुतेक कामांसाठी योग्य निवड आहे, कारण वेबवर आणि बहुतेक छपाई लॅबमध्ये चालणारे एसआरजीबी हे रंगक्षेत्र याच पायावर उभे आहे. तेज मात्र विचारपूर्वक ठरवावे. नवे मॉनिटर सहज २५० कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून अधिक तेज देतात; छपाईसाठी संपादन करताना ते ८० ते १२० च्या दरम्यान आणावे. मंद खोलीत मी १०० सुचवीन. पहिल्या दिवशी पडदा विझल्यासारखा वाटेल, पण डोळे लवकरच सरावतात. छापलेला कागद चांगल्या प्रकाशात पडद्याशेजारी धरून पाहावा आणि दोन्ही पांढरे जवळपास सारखे उजळ दिसतील तिथे आकडा कायम करावा.

मोजणीसाठी कॅलिब्राइट किंवा ‘स्पायडर’ बनवणाऱ्या डेटाकलर यांसारख्या कंपन्यांचा कलरिमीटर लागतो. सोबतच्या सॉफ्टवेअरऐवजी अर्गिल सीएमएसवर चालणारे डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअरही वापरता येते. एकच यंत्र अनेक मॉनिटरना लावता येत असल्याने म्हापशातील किंवा फोंड्यातील तीन-चार फोटोग्राफरांनी ते मिळून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरची परवान्याची अट आधी वाचून घ्यावी. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या बॅकलाइटचा, म्हणजे मागून येणाऱ्या प्रकाशाचा, प्रकार विचारला जातो. तो चुकीचा निवडला तर मोजमापही चुकते, म्हणून तो मॉनिटरच्या तांत्रिक माहितीत पाहून भरावा. मॉनिटर किंचित मागे कलवावा, म्हणजे यंत्र पडद्याला सपाट टेकून राहते आणि कडेने प्रकाश शिरत नाही.

मोजणीच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर लाल, हिरवा आणि निळा यांची पातळी दाखवते. या वेळी जो रंग जास्त आहे तो मेन्यूतून कमी करावा. तिन्ही रंग एकदम खाली ओढू नयेत, किमान एक वरच राहू द्यावा. तेज ‘ब्राइटनेस’ने जुळवावे आणि ‘कॉन्ट्रास्ट’ला हात लावू नये. मग मोजणी सुरू होते आणि तिला वेळ लागतो. ती चालू असताना वीज गेली तर सारे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून संगणक यूपीएसवर असलेला बरा.

शेवटी जी प्रोफाइल फाइल तयार होते तिचे काम वेगळे असते. कॅलिब्रेशन म्हणजे वजनकाटा शून्यावर आणणे, आणि प्रोफाइल म्हणजे तो अजून कुठे किती चुकतो याची नोंद, जी वाचून फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर रंग सुधारून दाखवते. फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये ही मॉनिटरची प्रोफाइल ‘वर्किंग स्पेस’ म्हणून कधीही निवडू नये. तिथे एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी ठेवावे. ही गफलत फार ठिकाणी दिसते.

सॉफ्टवेअर पडताळणीत डेल्टा ई हा फरकाचा आकडा देते. सरासरी २ च्या आत असेल तर काम चांगले झाले असे समजावे. पण आकड्यावर थांबू नये. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी उघडून तिच्यात कुठे गुलाबी किंवा हिरवी छटा येते का ते पाहावे, आणि नंतर ओळखीचे फोटो लावावेत. पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर उन्हातला पांढरा आणि सावलीतला किंचित निळसर पांढरा वेगळे दिसले पाहिजेत. दूधसागरच्या फेसात तपशील उरला पाहिजे, ओल्या चिऱ्याच्या दगडातील तांबडा तपकिरीकडे झुकता कामा नये, आणि वेणीतील अबोली शेंदरी दिसू लागली तर लाल-पिवळ्या बाजूला गडबड आहे असे समजावे.

कलरिमीटर मिळणारच नसेल तर विंडोज आणि मॅकमध्ये डोळ्यांनी गॅमा आणि तेज जुळवण्याची सोय आहे. तिचा उपयोग होतो, पण रंगाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये, कारण तिथे मोजमाप शेवटी सरावलेल्या डोळ्यांचेच असते.

अल्बम छापणाऱ्या लॅबकडून त्यांच्या कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) मागून घ्यावी आणि फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ कलर्स’ लावून छपाईचा अंदाज घ्यावा. विंडोजवर संगणक झोपेतून जागा झाला किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की कॅलिब्रेशनची दुरुस्ती कधी कधी निघून जाते. रंग अचानक वेगळे वाटले तर आधी तेच तपासावे.

मोजणी महिन्यातून एकदा पुन्हा करावी आणि प्रत्येक प्रोफाइलच्या नावात तारीख घालावी. कलरिमीटर मात्र टेबलावर उघडा ठेवू नये. पावसाळ्यात लेन्सना जशी बुरशी येते म्हणून आपण त्या सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवतो, त्याच डब्यात हे यंत्रही ठेवावे. जुन्या पद्धतीच्या कलरिमीटरमधील रंगीत फिल्टर वयाने आणि दमट हवेने फिके पडत, त्यामुळे अनेक वर्षे वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असले तरी घेऊ नये.