पाडवा ते पाडवा : वर्षभरात घर कसे आवरावे

दिवाळीच्या आधीचे दोन रविवार घर आवरायला पुरतात, असे आपण धरून चालतो. त्या दोन रविवारी माळ्यावरचे सामान खाली येते, त्यावरची धूळ झटकली जाते आणि अंधार पडायच्या आत ते सगळे पुन्हा वर चढते. घर स्वच्छ होते, पण सामान तेवढेच राहते. अडगळ खरोखर कमी करायची असेल तर त्या कामाला एक वर्ष द्यावे, कारण आपल्या घरातल्या पुष्कळ वस्तू हंगामी असतात आणि एखादी वस्तू लागते की नाही, हे तिचा हंगाम आल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात स्वेटर नकोसे वाटतात आणि जानेवारीत छत्र्या. अशा वेळी घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

सुरुवात चैत्रात, पाडवा झाल्यावर करावी आणि ती एका ड्रॉवरपासून करावी. नवे डबे किंवा खोकी मात्र आत्ताच विकत आणू नयेत. किती सामान उरणार हे ठाऊक नसताना आणलेले डबे स्वतःच अडगळ होऊन बसतात. ड्रॉवरमधले सगळे वर्तमानपत्रावर ओतावे, रिकामा ड्रॉवर ओल्या फडक्याने पुसावा आणि एकेक वस्तू हातात घेऊन ती ठेवायची, कोणाला द्यायची की भंगारात घालायची, हे ठरवावे. ज्या वस्तूबद्दल मन ठरत नाही, तिच्यासाठी एक खोके वेगळे ठेवून त्यावर तारीख घालावी. आमच्याकडे अशा पहिल्याच ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या जुन्या डब्यात २३ किल्ल्या निघाल्या. त्यांतली प्रत्येक किल्ली घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहिली तेव्हा नऊ किल्ल्यांना कुलपे सापडली, त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या आणि बाकीच्या भंगारवाल्याला दिल्या. या एका डब्याला एक अख्खी दुपार लागली. आठवड्याला असे एकच ठिकाण घेतले तरी चैत्र संपेपर्यंत हात बसतो.

वैशाख-ज्येष्ठात स्वयंपाकघर घ्यावे. वर्षाचे गहू, डाळी, मसाले आणि वाळवणे याच दिवसांत भरली जातात, त्यामुळे डबे एरवीही रिकामे करावे लागतात. नवे धान्य भरण्यापूर्वी गेल्या वर्षीचे काय आणि किती उरले, ते वहीत लिहून ठेवावे. सांडगे दरवर्षी उरत असतील तर ते कमी घालावेत. साठवण कमी करण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. झाकण नसलेले डबे आणि डबा नसलेली झाकणे त्याच दिवशी घराबाहेर काढावीत.

पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून कपडे आणि अंथरुणे या काळात बांधून ठेवू नयेत. आषाढ-श्रावण हे कागदपत्रांचे महिने आहेत. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्यासाठी अनेकांना जुलैत कागद बाहेर काढावेच लागतात, तेव्हाच त्यांची वर्गवारी करावी. घराचा नोंदणीकृत दस्त, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, जन्माचे व विवाहाचे दाखले आणि गुणपत्रिका कायम जपाव्यात. प्राप्तिकराचे कागद आठ वर्षे ठेवले तर साधारणपणे निर्धास्त राहता येते. विजेची बिले एक वर्षापुरती पुरेत. रद्दीत घालायच्या कागदांवर खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक असेल तर ते आधी बारीक फाडावेत.

भाद्रपदात गणपतीची आरास उतरवताना, पुढच्या वर्षी लागेल तेवढेच एका खोक्यात भरून त्यावर यादी चिकटवावी. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी जुनी मखरे अजून अनेक माळ्यांवर आहेत. ती ओल्या कचऱ्यात किंवा नदीत न टाकता सुक्या कचऱ्यात द्यावीत.

आश्विन हा कपड्यांचा महिना आहे. घट बसण्यापूर्वी घरातली अंथरुणे-पांघरुणे धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि तिचा फायदा घेण्यासारखा आहे, कारण पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचे कडक ऊन मिळते. गाद्या आणि गोधड्या दोन दिवस उन्हात घालाव्यात. रेशमी साड्या मात्र सावलीतच वाऱ्यावर टाकाव्यात, त्यांच्या घड्या बदलाव्यात आणि त्या प्लॅस्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळाव्यात, म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत. चांगले कपडे गरजूंना देता येतात किंवा बोहारणीला देऊन भांडे घेता येते, मात्र भांडे घेताना त्याची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहावे. विरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते. दसऱ्याच्या सुमारास चैत्रातले तारीख घातलेले खोके उघडावे. सहा महिन्यांत ज्या वस्तूची एकदाही आठवण झाली नाही, ती हंगामी नसेल तर देऊन टाकावी.

यंदाच्या दिवाळीला केवळ झाडझूड उरते. त्यानंतर जुने मोबाइल, चार्जर आणि बंद पडलेली उपकरणे अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्यावीत. मोबाइलमधली माहिती आधी पुसावी आणि फुगलेली बॅटरी घरात मुळीच ठेवू नये.

पौष-माघात हवा थंड असते, तेव्हा माळा काढावा. वर उकडत नाही आणि काम रेंगाळत नाही. हे काम एकट्याने करू नये. एकाने शिडी धरावी, दुसऱ्याने नाका-तोंडाला रुमाल बांधून वर चढावे. टीव्ही-मिक्सरची रिकामी खोकी वॉरंटी संपली की काढावीत, बहुतेक माळ्यांवर निम्मी जागा त्यांनीच अडवलेली असते. पितळेची मोठी पातेली मोडीत देण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांना विचारावे. जे वर परत जाईल त्याची यादी माळ्याच्या दाराला आतून चिकटवावी.

आठवणींच्या वस्तू फाल्गुनासाठी राखून ठेवाव्यात. वर्षभर लहान निर्णय घेऊन हात वळल्याशिवाय या वस्तूंना हात लावू नये आणि दुसऱ्याच्या आठवणी त्याच्या माघारी कधीही काढू नयेत. माझ्या सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून प्रत्येक वस्तू त्यांच्याच हातात दिली. झबली, बारशाची कुंची, पोस्टकार्डांचा गठ्ठा, काठ उसवलेले दुपटे असे एकेक त्या उलगडत होत्या आणि ते कोणी आणले, कधी आणले, हे सांगत होत्या. चार दुपारी लागल्या, रोज तासाभराहून अधिक बसलो नाही. कुंची, एक झबले आणि सगळी पोस्टकार्डे त्यांनी ठेवली, बाकीचे त्यांनीच बाजूला काढले. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावे व साल मऊ पेन्सिलीने लिहावे, कारण पेनची शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जपून सोडवून कागदी पाकिटांत ठेवावेत.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात जे उरले आहे त्याची आणि कपाटांच्या कप्प्यांची टेपने मापे घ्यावीत व आता डबे आणावेत. ते पारदर्शक असावेत आणि भरल्यावरही घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला एकट्याने उचलता येतील इतकेच मोठे असावेत.