प्रदूषण मॉडेलमध्येच चुकीचं पसरतंय? या चुका टाळा

नाशिकच्या टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते, तिथे पहिल्या पावसानंतर उभं राहून बघा. नासर्डीचं काळपट पाणी गोदेत लगेच विरघळून जात नाही, आपला काठ धरून चालत राहतं. आपल्या संगणकी मॉडेलमध्ये नदीचे चौकटींसारखे तुकडे पाडलेले असतात, तिथे मात्र संगमानंतरच्या पहिल्याच चौकटीत दोन्ही पाणी एकजीव!

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काठाशी सोडलेलं पाणी पूर्ण रुंदीत मिसळायला लागणारं अंतर साधारण ०.४ × वेग × रुंदीचा वर्ग ÷ आडवा मिश्रण गुणांक (पाणी काठापासून काठाकडे किती झपाट्याने मिसळतं, तो आकडा). हिशेबापुरतं धरू: रुंदी ५० मीटर, खोली १ मीटर, वेग ०.५ आणि घर्षणवेग (तळाशी होणाऱ्या घर्षणाचं वेगाच्या एककातलं माप) ०.०५ मीटर प्रति सेकंद. गुणांक ०.६ × खोली × घर्षणवेग, म्हणजे ०.०३ चौरस मीटर प्रति सेकंद. अंतर येतं जवळपास १७ किलोमीटर! तेव्हा नमुना कोणत्या काठाचा, हे आधी विचारा. काही जण गुणांकाच्या जागी पुस्तकातला रेणूंच्या विसरणाचा (स्थिर पाण्यात आपोआप पसरण्याचा) आकडा टाकतात. पाण्यात तो त्याच एककात १०⁻⁹ च्या आसपास, मग पट्टा रुंदावतच नाही.

मॉडेलमध्ये प्रदूषणाऐवजी हजारो कण सोडून ते कुठे जातात हे बघणाऱ्यांची गोची वेगळी. माझे कण तळाशी साचत होते आणि मी दोन दिवस ‘गाळ बसतोय’ म्हणून मिरवत होतो. कणांना वजनच दिलं नव्हतं! तळाजवळ खळबळ कमी, म्हणून तिथे गेलेला कण लवकर सुटत नाही. ते भरून काढायला प्रत्येक पावलात गुणांकाचा उतार (उंचीनुसार उभा मिश्रण गुणांक किती बदलतो ते) × कालखंड (एका पावलाचा वेळ) एवढा सरकाव मिळवावा लागतो. तपासायला सोपं आहे: कण सगळीकडे सारखे पसरून सुरुवात करा, ते तसेच राहिले पाहिजेत. संशोधक डी. जे. थॉमसन यांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी हीच. तरीही गर्दी झाली तर कालखंड कमी करा.

आणखी एक बारीक खोट: कणाची प्रत्येक पावलातली उडी काढताना −१ ते १ मधला सपाट (सगळे आकडे सारख्याच शक्यतेचे) यादृच्छिक आकडा थेट √(२ × गुणांक × कालखंड) ने गुणणं. अशा आकड्याचा व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) १ नाही, १/३ असतो, म्हणून २ च्या जागी ६ हवेत.

हवेचं मॉडेल करत असाल तर थंडीतल्या पहाटेला जपा. वारा पडलेला, धूर जमिनीलगत अडकलेला. धुराचा लोट घंटेच्या आकारात पसरतो असं धरणाऱ्या नेहमीच्या गॉसियन सूत्रात वाऱ्याचा वेग छेदात असतो. तो शून्याकडे गेला की प्रदूषणाचा आकडा आभाळाला भिडतो. अशा वेळी ते सूत्र बाजूला ठेवून पफ मॉडेल घ्या, म्हणजे धूर सुट्या पुंजक्यांत मोजणारं.