बँकॉकच्या बाजारात सोम ताम कसं मागवावं

चतुचक बाजार शनिवार-रविवारी भरतो. त्याच्या समोरचा ओर तोर कोर मात्र रोज चालू असतो. तो स्वच्छ आहे, पण थोडा महाग. सुरुवात सोम तामने करा, म्हणजे उखळात चेचलेली कच्च्या पपईच्या किसाची कोशिंबीर.

आधी प्रकार सांगा. ‘सोम ताम थाय’मध्ये शेंगदाणे, सुकट, ताडगूळ, लिंबू आणि माशाचं पाणी (नाम प्ला) असतं. ‘पू प्ला रा’मध्ये खारवलेला कच्चा खेकडा आणि आंबवलेला मासा पडतो. पोट सांभाळायचं असेल तर हा प्रकार टाळाच.

मग मिरच्या मोजून सांगा: ‘फ्रिक सोंग मेत’, म्हणजे दोन. आपण तिखट खातो म्हणून पाच सांगू नका. त्या बारीक मिरच्या चेचल्यावर लिंबाच्या रसात उतरतात आणि पुढे प्रत्येक घास तिखट होत जातो. सोबत चिकट भात, ‘खाव निआव’, घ्या. त्याची हाताने गोळी करून रसात बुडवायची.

शाकाहारींनी फक्त ‘माइ साइ नाम प्ला’ (माशाचं पाणी नको) म्हणून भागत नाही. सुकटही नको म्हणावं लागतं. शिवाय उखळ दर वेळी धुतलं जाईलच असं नाही. त्यापेक्षा पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरांत ‘चे’ लिहिलेली गाडी शोधा. तिथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते. कंदमुळांचं तेवढं विचारून घ्या.

आंबा-चिकट भात एप्रिल-मेमध्येच खावा.